पुंगळी फेकू नका, आधी नीट पाहा : रायफलधारकांसाठी मार्गदर्शन

हडपसर, मांजरी, फुरसुंगी, उरुळी देवाची या पट्ट्यात परवान्याची रायफल बाळगणारी माणसे बरीच आहेत. बँकेच्या किंवा रोकड वाहून नेणाऱ्या गाडीच्या सुरक्षेवर असलेले निवृत्त जवान आहेत, मळ्यात राहणारी शेतकरी कुटुंबे आहेत, आजोबांची रायफल वारशाने मिळालेले आहेत आणि सरावासाठी बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर जाणारे नेमबाजही आहेत. या सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. 'पुंगळी चेंबरमध्ये अडकली.' 'पुंगळीला चीर गेली.' 'प्रायमर बाहेर आला.' आणि शेवटी : 'दोष काडतुसाचा की रायफलचा?'

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तुमच्या हातातच असते. ते म्हणजे ती रिकामी पुंगळी. चेंबरमध्ये काय घडले याची नोंद पितळेवर उमटलेली असते. ती वाचता आली तर पुढचे तीन निर्णय नीट घेता येतात : रायफल लगेच बंद ठेवायची का, काडतुसांचा डबा बदलायचा का आणि शस्त्र दुरुस्तीला द्यायचे का. हा लेख .३१५, .३०-०६, .३७५ अशा मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी आहे. घरी बसून दुरुस्ती कशी करावी हे यात सांगितलेले नाही, कारण ती घरी करायचीच नसते. दोष ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर जायचे कोणाकडे, एवढेच येथे पाहू.

पाहणीआधी : जिवाशी गाठ असलेले नियम

- मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्याने पाहा आणि बोटानेही चाचपा. नंतरच पाहणीला बसा.
- पाहणी चालू असेल त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको. डबा दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. मुलांना लांब ठेवा.
- चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेने धरून किमान एक मिनिट थांबा. काही काडतुसे उशिरा पेटतात. लगेच बोल्ट उघडलात तर बार तोंडासमोर होऊ शकतो.
- नेहमीच्या धडाक्याऐवजी 'फुस्स' असा बारीक आवाज आला, तर गोळी नळीतच अडकली असू शकते. दुसरा बार मुळीच काढू नका. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी आदळली की नळी फुटते.
- पुंगळी निघत नसेल तर बोल्टवर हातोडा मारू नका आणि पुढून गज घालून ठोकू नका.

पुंगळीचे काम काय असते

बार उडतो तेव्हा चेंबरमध्ये प्रचंड दाब तयार होतो. .३०-०६ या काडतुसासाठी तो सुमारे ६०,००० पौंड प्रति चौरस इंचापर्यंत जातो. या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि गॅस मागे येऊ देत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आकसते, म्हणून पुंगळी सहज बाहेर येते. काडतुसाच्या पितळात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. ताणले जाऊन पुन्हा आकसण्याचा गुण या मिश्रणात चांगला असतो.

आणखी एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे, ती हेडस्पेसची. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागे-पुढे सरकायला किती जागा उरते, हे त्यावरून कळते. जागा प्रमाणाबाहेर असेल तर बार उडताना पुंगळीची भिंत चेंबरला चिकटून राहते, बूड मात्र मागे बोल्टवर जाऊन आपटते आणि मधले पितळ ताणले जाते. हा ताण पुरेसा वाढला की पुंगळीचे दोन तुकडे होतात. पुढे दिलेल्या खुणांपैकी सर्वांत गंभीर खुणा याच कारणाने उमटतात.

पाहणीला काय लागते

- चांगला टॉर्च आणि भिंग
- व्हर्नियर कॅलिपर
- टोक काटकोनात वाकवलेली बारीक तार
- मार्कर पेन
- लहान प्लास्टिक पिशव्या आणि चिठ्ठ्या

प्रत्येक पुंगळीच्या पिशवीत चिठ्ठी टाका : तारीख, रायफलचा क्रमांक, काडतुसाच्या डब्यावरचा लॉट क्रमांक आणि काय घडले ते. पुढे गनस्मिथ, विक्रेता किंवा ग्राहक आयोग, कोणासमोरही जावे लागले तरी ही चिठ्ठी उपयोगी पडते. उडवलेल्या काडतुसांचा आणि पुंगळ्यांचा हिशेब परवाना नूतनीकरणाच्या वेळी किंवा नवीन काडतुसे घेताना मागितला जाऊ शकतो, त्यासाठीही पुंगळ्या जपून ठेवणे हिताचे आहे.

बुडापासून मानेपर्यंत : पुंगळी कशी वाचावी

पुंगळी उभी धरा. खाली बूड, मग अंग, त्यावर खांदा आणि सर्वांत वर मान. पाहणी बुडाकडून सुरू करा, कारण धोक्याच्या खुणा तिथेच असतात.

*प्रायमर*

- बाहेर आलेला प्रायमर : बोटाने चाचपल्यावर प्रायमर बुडाच्या पातळीच्या वर लागतो. बार कमजोर होता आणि हेडस्पेस जास्त आहे, अशी शंका घ्या.
- प्रायमरला भोक : गरम गॅस बोल्टमधून मागे, थेट डोळ्यांकडे येतो. फायरिंग पिनचे टोक खराब असेल किंवा दाब जास्त झाला असेल. रायफल लगेच बंद ठेवा.
- पिनच्या खड्ड्याभोवती उंच कडा : पिनचे भोक झिजून मोठे झाले असेल, स्प्रिंग कमजोर असेल किंवा दाब जास्त असेल. फक्त या एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका, बाकीच्या खुणा पाहा.
- प्रायमर सैल होऊन गळून पडला, भोवती काजळी आहे : दाब धोकादायक पातळीवर गेल्याची ही खूण आहे. थांबा.

*बूड आणि रिम*

- बुडावर इजेक्टरची चकचकीत छाप उमटली असेल आणि बोल्ट उचलायलाही जोर लागला असेल, तर दाब जास्त झाला आहे.
- रिमचा एका बाजूला लचका तुटला असेल तर पुंगळी चेंबरला चिकटली होती आणि एक्सट्रॅक्टरने ती ओढून काढली. एक्सट्रॅक्टर खराब आहे असा समज करून घेऊ नका, आधी चेंबर पाहा.

*बुडालगतचा पट्टा*

सर्वांत जास्त लक्ष इथे द्या. बुडाच्या थोडे वर, पुंगळीभोवती गोल फिरलेली चकचकीत बारीक रेषा दिसते का? अशी रेषा दोन कारणांनी दिसते. बुडाजवळचे पितळ जाड असते, त्याच्या वरचे पातळ पितळ फुगते आणि त्या सांध्यावर हलका उंचवटा येतो. हे नेहमीचे आहे. पितळ ताणले जात असेल तर मात्र त्याच भागात आतून खाच पडते.

फरक ओळखायला वाकवलेली तार घ्या. पूर्ण रिकाम्या पुंगळीत ती मानेतून आत घाला, टोक आतल्या भिंतीला टेकवा आणि बुडापासून वर ओढत आणा. टोक एखाद्या खाचेत अडकले तर पुंगळी तिथेच तुटणार आहे. एकच पुंगळी अशी सापडली तरी रायफल बंद ठेवा. दुसरी, तिसरी उडवून खात्री करत बसू नका.

पुंगळी खरोखरच तुटली तर बोल्टबरोबर फक्त बूड बाहेर येते आणि पुढचा भाग चेंबरमध्ये राहतो. पुढचे काडतूस तिथे शिरत नाही. ते जोर लावून कधीही ढकलू नका. तुटलेली पुंगळी काढण्याचे हत्यार वेगळे असते आणि ते गनस्मिथकडेच मिळते.

*अंग*

- उभी चीर : चेंबर मोठे झाले आहे, काडतूस चुकीच्या बोअरचे आहे किंवा पितळातच दोष आहे. पहिली दोन कारणे जास्त धोक्याची असल्याने ती आधी तपासा.
- एका बाजूला फुगवटा : चेंबरचा तो भाग झिजला आहे किंवा पुंगळीला त्या बाजूला आधार मिळत नाही. बऱ्याच जुन्या रायफलींत थोडा फुगवटा येतोच. पण तो वाढत चालला असेल तर रायफल दाखवून घ्या.
- बारीक पुरळासारखे उंचवटे : चेंबरमध्ये गंजाचे खड्डे पडले आहेत. दाबाने पितळ त्या खड्ड्यांत शिरते, म्हणूनच पुंगळी अडकते.
- उभे ओरखडे : चेंबरच्या तोंडाशी कचरा किंवा धातूची धार आहे. आधी सफाई करा.
- अंगावर काजळी : दाब कमी पडला म्हणून गॅस मागे आला. जुनी, ओल लागलेली काडतुसे असतील तर ही खूण नेहमी दिसते.

*खांदा आणि मान*

- मानेला उभी चीर : बहुतेक वेळा पितळ म्हातारे, ठिसूळ झालेले असते. एकाच लॉटच्या अनेक काडतुसांत ही चीर आढळली तर तो लॉट वापरातून काढा.
- खांद्यावर खळगा : चेंबरमध्ये तेल राहिले होते. तेल दाबले जात नाही, त्यामुळे त्याने पितळच आत ढकलले. चेंबर कोरडे ठेवा. तेलकट पुंगळी भिंतीला नीट चिकटत नाही आणि बोल्टवरचा मार वाढतो.
- खांदा पुढे सरकला किंवा पुसट झाला : काडतूस त्या चेंबरचे नव्हते. डब्यावरचे आणि नळीवरचे बोअर ताबडतोब पडताळून पाहा.

दोष कोणाचा? मार्करची चाचणी

ओरखडे, मानेची चीर, हलका फुगवटा अशा कमी धोक्याच्या खुणांसाठी रेंजवर एक सोपी चाचणी घेता येते. तुटण्याच्या, भोकाच्या किंवा जास्त दाबाच्या खुणा दिसल्या असतील तर ही चाचणी करायची नाही.

१. पूर्ण सफाई करून चेंबर कोरडे करा.
२. एकाच लॉटची काही काडतुसे घ्या. प्रत्येकाच्या बुडाच्या कडेला मार्करने एक ठिपका द्या.
३. ठिपका वर येईल अशा रीतीने एकेक काडतूस चेंबरमध्ये हाताने ठेवा.
४. रेंजवरच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली एकेक बार काढा आणि पुंगळी हळूच बाहेर काढा.
५. प्रत्येक पुंगळीवरचा दोष ठिपक्यापासून कुठे आहे ते लिहून ठेवा.

दोष दर वेळी ठिपक्यापासून त्याच जागी येत असेल तर तो चेंबरचा. जागा बदलत असेल तर काडतुसाचा. वेगळ्या लॉटची काडतुसे वापरल्यावर दोष थांबला तर पहिल्या लॉटवरचा संशय पक्का झाला.

ही चाचणी रेंजवरच करा. मांजरीच्या उसाच्या फडात किंवा दिवे घाटाखालच्या माळावर 'एक बार काढून बघू' हा मोह टाळा. बेदरकारपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर शस्त्र कायद्याच्या कलम २५(९) प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

तुमच्या बोअरनुसार काय पाहावे

*.३१५ स्पोर्टिंग रायफल :* आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी हीच. इशापूरच्या रायफल फॅक्टरीची .३१५ ली-एनफिल्डच्या धाटणीवर बेतलेली आहे. या रचनेत बोल्टचे लॉक मागच्या बाजूला असते, त्यामुळे पुंगळी थोडी जास्त ताणली जाते. काडतूस रिमवाले असते आणि हेडस्पेस रिमवर धरला जातो. म्हणून बुडालगतच्या पट्ट्याची तपासणी या रायफलमध्ये सर्वांत महत्त्वाची.

इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बोल्ट त्या-त्या रायफलशी जुळवून बसवलेला असतो. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा होतात, अनेक .३१५ एकत्र ठेवल्या जातात. रायफल परत घेताना बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलचा क्रमांक जुळतो का, हे पावतीवर सही करण्याआधी पाहा. दुसऱ्याचा बोल्ट तुमच्या रायफलमध्ये सहज बसेल, चालेलही, पण हेडस्पेस बदललेला असेल.

आणखी एक सावधगिरी. .३१५ च्या काडतुसाला बोलताना 'आठ एमएम' म्हणतात. आठ एमएम माउझर हे वेगळे काडतूस आहे. विक्रेत्याकडे बोअरचे पूर्ण नाव घेऊनच मागणी करा.

*.३०-०६ :* या काडतुसाला बाहेर आलेली रिम नसते, हेडस्पेस खांद्यावर धरला जातो. .३०८ चे आखूड काडतूस या चेंबरमध्ये शिरू शकते आणि बारही उडू शकतो. बाहेर येणारी पुंगळी सरळ, जवळजवळ मानच नसलेली असते. अशी पुंगळी दिसली तर रायफल आणि डबा दोन्ही बाजूला ठेवा.

*.३७५ मॅग्नम आणि जुन्या दुनळी रायफली :* .३७५ मॅग्नमच्या बुडाजवळ जाड पट्टा असतो आणि मूळ रचनेत हेडस्पेस त्याच पट्ट्यावर धरला जातो. पुंगळी पट्ट्याच्या वरच ताणली जाते, म्हणून तार तिथे फिरवा. दुनळी रायफल रिकामी करून बंद करा आणि उजेडासमोर धरा. नळ्या आणि मागचा भाग यांच्या फटीतून उजेड दिसला किंवा नळ्या हलल्या, तर ती अनुभवी गनस्मिथने पाहिल्याशिवाय वापरू नका.

पावसाळा, गोठा आणि खताची पोती

एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश लष्कराला एक कोडे पडले होते. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकत होत्या. कारण होते घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया. घडवताना पितळात ताण राहिलेला असतो. दमट हवेत अमोनिया लागला की त्या ताणाच्या रेषेवर पितळ चिरते. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याचा उलगडा केला.

मळ्यात राहणाऱ्यांना हा धोका आजही आहे. गोठ्यालगतच्या खोलीत, युरिया किंवा अमोनियम सल्फेटच्या पोत्यांजवळ, कोंबड्यांच्या शेडशेजारी काडतुसे ठेवू नका. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रावणाने पुंगळ्या पुसू नका. न उडवलेल्या काडतुसाच्या मानेवर केसासारखी चीर किंवा हिरवट चट्टे दिसले तर ते काडतूस वापरायचे नाही.

साठवणीचे नियम साधे आहेत :

- काडतुसे मूळ डब्यात, हवाबंद पेटीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा.
- चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्महिने ठेवू नका. चामडे ओल धरते आणि पितळ हिरवे पडते. सुरक्षारक्षकांनी कमरपट्ट्यातली काडतुसे दर महिन्याला काढून पुसावीत.
- कामावर रोज चेंबरमध्ये भरून पुन्हा काढलेल्या काडतुसावर ओरखडे येतात, गोळीही मागे ढकलली जाऊ शकते. तेच ते काडतूस वापरू नका.
- जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून नळीत आणि चेंबरमध्ये क्षार राहतात. हे क्षार ओल खेचून घेतात आणि तेलाने निघत नाहीत. अशी काडतुसे उडवल्यावर त्याच दिवशी आधी गरम पाण्याने सफाई करा, पूर्ण कोरडे करा आणि मग तेलाचा पातळ हात फिरवा. पुढच्या वापराआधी चेंबर पुन्हा कोरडे पुसा.

वारशाने आलेली रायफल आणि जुनी काडतुसे

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली आणि अनेक घरांतल्या मोठ्या बोअरच्या रायफली कपाटात गेल्या. त्यांच्याबरोबर पन्नास वर्षांहून जुनी काडतुसेही राहिली. ती 'चालतात का' हे पाहण्यासाठी उडवू नका. पितळ ठिसूळ झालेले असते, दारू बिघडलेली असते आणि कोणती कधी दगा देईल हे बाहेरून कळत नाही.

परवानाधारकाचे निधन झाले असेल तर शस्त्र घरात ठेवून अर्जाची वाट पाहू नका. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. हडपसर पुणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, त्यामुळे वारसाचा परवान्याचा अर्ज आयुक्तालयात जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर हा निर्णय आधी घ्यावा लागेल. जुनी काडतुसेही पोलिसांकडेच जमा करा. विहिरीत, कालव्यात किंवा कचऱ्यात टाकू नका.

दुरुस्ती कोणाकडे?

रामटेकडी आणि हडपसरच्या औद्योगिक वसाहतींत हात चांगला असलेले टर्नर-फिटर भरपूर आहेत. 'चेंबर जरा पॉलिश करून दे' असे ओळखीच्या माणसाला सांगणे सोपे वाटते. कृपा करून असे करू नका. शस्त्राची दुरुस्ती, चाचणी आणि फेरफार यांना कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. तो नसताना काम करणाऱ्याला कलम २५ प्रमाणे किमान सात वर्षांची शिक्षा आहे. समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे की नाही याची खातरजमा न करता ते हाती देणे हा तुमचाही गुन्हा ठरतो. तांत्रिक बाजूनेही हा धोकाच आहे. पॉलिश करताना चेंबर किंचित मोठे झाले की गेलेला धातू परत आणता येत नाही.

परवानाधारक गनस्मिथकडे जाताना :

- मूळ परवाना, रिकामी रायफल आवरणात आणि पिशव्यांतल्या पुंगळ्या बरोबर न्या. जिवंत काडतुसे वेगळी ठेवा.
- दुकानाचा परवाना पाहा. त्यावर दुरुस्तीची परवानगी आहे का ते विचारा.
- शस्त्र जमा केल्याची पावती घ्या. तीवर क्रमांक, बोअर, तारीख आणि तक्रार लिहिलेली हवी.
- हेडस्पेस गेजने तपासायला सांगा आणि निकाल लिहून मागा. 'गो' गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, 'नो-गो' वर होता कामा नये. 'फील्ड' गेजवरही बोल्ट बंद होत असेल तर रायफल वापरायची नाही.
- चेंबरच्या आकाराबद्दल शंका असेल तर कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा साचा काढून मोजमाप घेता येते का ते विचारा.
- पॉलिश किंवा ब्लूइंग करताना शस्त्राचा क्रमांक आणि खुणा पुसल्या जाणार नाहीत हे बजावून सांगा. त्या पुसणे कलम ८ प्रमाणे गुन्हा आहे.

तपासणीनंतर तुमच्यासमोर साधारण चार पर्याय येतात :

१. सफाई : घाण, काजळी, वरवरचा गंज एवढेच असेल तर पुरेशी.
२. सुटा भाग बदलणे : फायरिंग पिन, स्प्रिंग, एक्सट्रॅक्टर, बोल्ट-हेड. ली-एनफिल्ड धाटणीत बोल्ट-हेड सुटे असल्यामुळे हेडस्पेसचा दोष कधीकधी याच पायरीवर सुटतो.
३. नळी बदलणे : चेंबरमध्ये खोल खड्डे असतील किंवा ते झिजून मोठे झाले असेल तर. खर्च मोठा असतो आणि परवान्यावरील नोंदीचा प्रश्नही येतो, म्हणून परवाना शाखेत आधी विचारा.
४. रायफल निवृत्त करणे : जुन्या शस्त्रासाठी अनेकदा हाच शहाणपणाचा निर्णय असतो. शस्त्र रीतसर विकता येते किंवा जमा करता येते.

काडतूस सदोष निघाले तर तुमचे हक्क

पुण्यातल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि तिथल्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे दिसतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे, तर इशापूरची रायफल फॅक्टरी अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे. म्हणजे माल सरकारी कारखान्याचा असला तरी तक्रार कोणत्या कंपनीकडे करायची हे आता स्पष्ट आहे.

- आधी विक्रेत्याला आणि उत्पादकाला लेखी कळवा : लॉट क्रमांक, खरेदीची तारीख, पावतीची प्रत, पुंगळ्यांचे फोटो.
- डब्यातली उरलेली काडतुसे तशीच ठेवा. ती फोडून आतली दारू पाहण्याचा प्रयत्न करू नका. पुरावाही जातो आणि जीवही धोक्यात येतो.
- पुंगळी हातची सोडू नका. तपासणीला द्यावी लागली तर पोच घ्या आणि आधी फोटो काढून ठेवा.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी लागत नाही. सदोष मालामुळे इजा झाली असेल तर उत्पादकाकडे भरपाई मागण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.
- स्वतःच्या शस्त्रावर सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्यांना 'तुमचा वापर व्यावसायिक आहे' असे सांगून परत पाठवले जाऊ शकते. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायदा व्यावसायिक वापरात धरत नाही. हा मुद्दा अर्जात आवर्जून लिहा.

नेहमी होणाऱ्या चुका

- पुंगळी अडकते म्हणून काडतुसाला तेल लावणे. यामुळे बोल्टवरचा मार वाढतो.
- तुटलेली पुंगळी आत असताना नवीन काडतूस दाबून बसवणे.
- वेगवेगळ्या लॉटची काडतुसे एका डब्यात एकत्र करणे. मग कुठलाच निष्कर्ष काढता येत नाही.
- 'एवढी वर्षे चालली, आज काय होणार' असे म्हणणे. पितळ आणि पोलाद दोन्ही झिजतात, आणि शेवटचा बार पूर्वसूचना देऊन येत नाही.
- आवश्यक परवानगी नसताना रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणे. हा गुन्हा आहे आणि बुडालगत ताणलेली पुंगळी दुसऱ्यांदा वापरली तर ती तुटण्याची शक्यता खूप वाढते.
- चष्मा आणि कानांचे संरक्षण न घेता रेंजवर उभे राहणे. प्रायमरला भोक पडून गॅस मागे आला तर डोळे वाचवायला फक्त चष्माच असतो.

एका नजरेत निर्णय

- लगेच बंद ठेवा, गनस्मिथकडे न्या : आतून खाच लागणारी रेषा, तुटलेली पुंगळी, प्रायमरला भोक किंवा गळलेला प्रायमर, बोल्ट उचलायला जोर आणि बुडावर चकचकीत छाप, अंगाला मोठी चीर, बदललेला खांदा.
- सफाई करा, मग रेंजवर तपासा : उभे ओरखडे, खांद्यावरचे खळगे, काजळी, थोडी जड निघणारी पुंगळी.
- काडतुसांचा लॉट बदला : फक्त मानेच्या चिरा, हिरवट चट्टे, जागा बदलत राहणारे दोष, उशिरा पेटणारे बार. चट्टे आणि चिरा असलेली काडतुसे जमा करा.
- सवड काढून दाखवून घ्या : पुरळासारखे उंचवटे, वाढत चाललेला फुगवटा, सतत तुटणारी रिम, प्रायमरभोवती उंच कडा.

दोन गटांत शंका असेल तर वरचा गट धरा. बँकेच्या दारात उभ्या असलेल्या रक्षकाला रायफल बंद ठेवणे सोपे नसते, कामावर खाडा पडतो, पगार कापला जाण्याची भीती असते. तरीही एजन्सीला लेखी कळवा आणि पोच घ्या : 'शस्त्र वापरास असुरक्षित आहे, तपासणीसाठी जमा केले आहे.' हे पत्र तुमचे संरक्षण आहे. सदोष रायफल खांद्याला लावण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही आणि ती तुम्ही स्वतःवरही करून घेऊ नका.

या आठवड्यात एवढे करा : घरात असलेल्या पुंगळ्या उजेडात घ्या, तार फिरवा, बोल्टचा क्रमांक रायफलशी जुळवा, काडतुसांच्या डब्यांवरचे लॉट क्रमांक वहीत लिहा आणि काडतुसे गोठ्यापासून, खतापासून दूर हलवा. काही शंकास्पद सापडले तर पुढचा बार तुमच्या हातून नको. तो परवानाधारक गनस्मिथने तपासल्यानंतरच होऊ द्या.